चोवीस वर्षं, तरी पाहुणाच

गेल्या दिवाळीत आमच्या मढच्या घरी सगळे जमले होते. फराळ झाला, पोरं फटाके उडवून दमली आणि मोठ्यांच्या गप्पांत येऊन बसली. विषय माझ्या मुलाचा चालला होता. तो न्यू जर्सीला असतो. तिथे जाऊन त्याला चौदा वर्षं झाली आणि आता अमेरिकेचं नागरिकत्वही मिळालं. ते ऐकून माझ्या धाकट्या भावाचा नातू (सातवीत आहे, आणि प्रश्न विचारण्यात आमच्या घराण्यात पहिला!) आपल्या आजोबांना म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर कुवेतला चोवीस वर्षं होतात. मग तुम्ही कुवेती का नाही झालात?"

सगळे हसले. भाऊही हसला. "तिकडे तसं नसतं रे," म्हणाला आणि चकलीचा डबा पुढे सरकवला.

पोरगा चकली खात बसला, पण मला काही ते रुचलं नाही. पस्तीस वर्षं मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. वर्गात असा प्रश्न कोणी विचारला असता तर मी तास संपेपर्यंत खडू खाली ठेवला नसता. आणि या प्रश्नाच्या उत्तरात माझाही थोडा वाटा आहे, तो आजवर कुणाला सांगितलेला नाही. म्हणून हे लिहायला बसलो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी एक गैरसमज दूर करू. 'गल्फ' म्हटलं की आपल्याला वाटतं, १९७३ साली तेलाचे भाव वाढले आणि मग आपली माणसं तिकडे जायला लागली. ते अर्धंच खरं आहे. आमच्या मढच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर जो समुद्र दिसतो त्याचं नाव अरबी समुद्र, हे आपण चौथीत पाठ करतो आणि विसरतो. त्या समुद्रावरची वाट फार जुनी आहे. आणि बराच काळ त्या वाटेवरून ते आपल्याकडे येत होते, आपण त्यांच्याकडे नाही.

कुवेतच्या वाळूत तेल सापडलं ते १९३८ साली, बुरगानला. दुसऱ्या महायुद्धामुळे ते काढायचं राहिलं आणि पहिलं जहाज भरून गेलं १९४६ मध्ये. त्याआधी कुवेत जगत होतं ते समुद्रावर. उन्हाळ्यात तिथले लोक बुड्या मारून मोती काढायचे. हिवाळ्यात त्यांची गलबतं बसऱ्याचा खजूर भरून कराची, मुंबई, मलबारपर्यंत यायची आणि परत जाताना लाकूड, दोरखंड, तांदूळ, मसाले घेऊन जायची. खाडीतल्या मोत्यांचा मोठा बाजार होता आपल्या मुंबईत. अरब व्यापारी इथे महिनोन्‌महिने राहायचे, काहींची इथे घरं आणि पेढ्या होत्या. अरबी घोडेही मुंबईतच उतरायचे. पुढे जपानी लोकांनी शिंपल्यात मोती 'पिकवायला' सुरुवात केली, त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली आणि मोत्यांचा धंदा बुडाला. तेल निघालं नसतं तर त्या किनाऱ्याचं काय झालं असतं, सांगवत नाही.

राज्यकारभाराची दोरीही आपल्याच बाजूला होती. इराणच्या बुशहर बंदरात इंग्रजांचा जो रेसिडेंट बसायचा, तो १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. कुवेतच्या शेखांनी १८९९ मध्ये इंग्रजांशी करार केला तो याच व्यवस्थेतून. १९२३ पासून कुवेतमध्ये जी टपाल तिकिटं चालत ती आपलीच, फक्त त्यांवर 'कुवेत' असं छापलेलं. आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट म्हणजे त्यांचं चलन होतं आपला रुपया!

ही गोष्ट मला पुस्तकाआधी एका शेजाऱ्याने सांगितली. आमच्या शेजारच्या एरंगळचे एक ईस्ट इंडियन गृहस्थ होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. (एरंगळचं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च १५७५ चं आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते आणि आम्ही सगळे, हिंदू-ख्रिस्ती न बघता, जातो.) हे गृहस्थ १९४८ ते १९५७ बहारीनला तेलशुद्धीकरण कारखान्यात कारकून होते. बहारीनला तेल १९३२ लाच लागलं होतं, कारखाना १९३६ चा. त्या काळात इंग्रजी जाणणारे कारकून, फिटर, सुतार, खानसामे मुंबईतूनच भरती होऊन जायचे. ते सांगायचे, "मास्तर, पगार रुपयांत मिळायचा. तीच नोट घेऊन बोटीत बसायचं नि इथे उतरून बाजारात खर्च करायची. नोट आपली, फक्त हवा परकी."

बोट म्हणजे ब्रिटिश इंडिया कंपनीची. मुंबईहून कराची आणि खाडीतली बंदरं करत बसऱ्यापर्यंत जायची. डुमरा, द्वारका, दारा, दरेसा अशी त्यांची नावं. त्यातल्या दाराचा १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ माणसं गेली. द्वारका मात्र १९८२ पर्यंत चालली. विमानं आल्यावरही गरीब माणसाचा तो शेवटचा आधार होता.

मग हा रुपया तिथून गेला कसा? कारण सोनं. खाडीतले व्यापारी भारतात चोरून सोनं पाठवायचे, त्याचे रुपये व्हायचे, ते रुपये परत खाडीत जायचे आणि तिथल्या बँका ते आपल्या रिझर्व्ह बँकेकडे देऊन पौंड मागायच्या. म्हणजे आपली परदेशी गंगाजळी सोन्यापायी गळायला लागली. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खाडीसाठी वेगळ्या नोटा काढल्या. रंग निराळे आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजी 'झेड'. त्या नोटा भारतात चालत नसत. एरंगळचे आमचे शेजारी म्हणायचे, "त्या दिवशी बहारीन परदेश झालं." १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार काढला. एका दिनाराला तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश, असा हिशेब होता. त्याच वर्षी जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झालं. १९६६ च्या जूनमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि खाडीतल्या उरलेल्या बहुतेकांनी आपला रुपया सोडला.

मला हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की आमच्या आधीच्या पिढीला ती वाट परकी नव्हती. एकाच दुकानाचे दोन दरवाजे असावेत तशी दोन्ही बाजूंची ये-जा होती. १९७३ नंतर जे सुरू झालं ते वेगळं होतं.

वेगळं काय? त्या वर्षी अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता तो जवळजवळ बारा डॉलरवर गेला. कुवेतने १९७५ मध्ये आपली तेल कंपनी पूर्णपणे ताब्यात घेतली. हाती अमाप पैसा आला आणि बांधकामं निघाली. कारखाने, बंदरं, रस्ते, शाळा, दवाखाने. माणसं मात्र मूठभर. मग माणसं बाहेरून आणायची ठरली. पण कशी? कामापुरती. दोन वर्षांचा करार, एक मालक किंवा जामीनदार (त्याला कफील म्हणतात), त्याच्या नावावर राहण्याचा परवाना (त्याला इकामा म्हणतात), काम संपलं की तिकीट काढून घरी. नागरिक व्हायचा रस्ता जवळजवळ बंदच. कुवेतचा नागरिकत्वाचा कायदा १९५९ चा. १९२० च्या आधीपासून जे तिथे वस्तीला होते त्यांचे वंशज ते मूळ कुवेती. बाहेरच्याला अगदी अपवादानेच, आणि १९८२ पासून तर तो मुसलमान असलाच पाहिजे अशी अट. तेलाचा पैसा नागरिकांत वाटायचा असल्यावर वाटेकरी वाढवायला कोण तयार होणार?

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर हे आहे. तुझे आजोबा कुवेती झाले नाहीत कारण तिथे तसा दरवाजाच ठेवलेला नव्हता. आता घरातलं उत्तर सांगतो.

आम्ही कोळी. वडिलांची डोल होती. मी बी. ए. करून मास्तर झालो तेव्हा वडिलांनी नाक मुरडलं होतं. धाकट्यालाही समुद्रात जायचं नव्हतं. त्याने आय. टी. आय.मधून वेल्डिंग केलं. १९७६ च्या अखेरीस वर्तमानपत्रात जाहिरात आली, कुवेतसाठी वेल्डर पाहिजेत. फोर्टात एका एजंटकडे ट्रेड टेस्ट झाली, तो पास झाला. एजंटने सहा हजार रुपये मागितले. माझा पगार तेव्हा पाचशेच्या आसपास. आयच्या पाटल्या गेल्या, जाळ्यांतला एक हिस्सा विकला, उरलेलं मी पतपेढीतून काढलं. पगार ठरला साठ दिनार. दिनार तेव्हा तीस रुपयांच्या आसपास, म्हणजे महिना अठराशे रुपये! माझ्यापेक्षा साडेतीनपट. मी तो हिशेब पाटीवर मांडून आयला दाखवला होता, अजून आठवतं.

मार्च १९७७ मध्ये तो गेला. पहाटे तरीने वेसाव्याला उतरलो, डोक्यावर पत्र्याची पेटी, तिथून अंधेरी, तिथून सांताक्रूझचा विमानतळ. आयने पेटीत सुके बोंबील आणि जवळा घातला होता. सगळ्या कपड्यांना तो वास लागला. पुढे त्याने लिहिलं, की पहिले आठ दिवस तो शर्टाचा वास घेऊन झोपायचा.

तो राहायचा फहाहीलला, शुद्धीकरण कारखान्यांच्या बाजूला. कंपनीचा 'कॅम्प' होता. एका खोलीत आठ जण, वर-खाली खाटा. दोघे केरळचे, दोघे आंध्रचे, एक पंजाबी, एक रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, एक आमच्या एरंगळचाच पोरगा आणि हा. पहाटे चारला बस. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकायचा आणि त्यात वेल्डिंगची आच. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या. खुबूस, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी, विकत आणायची आणि कालवण घरी करायचं. भाषा सगळ्यांची मोडकी हिंदी. भावाला गंमत वाटायची ती तिथल्या अरबांच्या बोलण्याची. सरळ जा म्हणायला ते 'सीदा' म्हणायचे, बटाट्याला 'आलू', आणि दिनाराच्या सुट्या पैशांना म्हातारे अजून 'रुबिया' म्हणायचे. रुपया गेला, पण जिभेवर राहिला होता.

आठवड्याची खरी सुट्टी म्हणजे शुक्रवार. त्या एका दिवसात सगळं समाजजीवन! सकाळी कपडे धुणं. रत्नागिरीवाला नमाजाला जायचा आणि येताना मासळी आणायचा, मग तो आणि भाऊ मिळून कालवण करायचे. दोघांच्या मसाल्यांवरून भांडण ठरलेलं. एरंगळचा पोरगा अहमदीच्या चर्चमध्ये जायचा. तिथल्या अंगणात गोव्याचे, वसईचे, मंगळूरचे सगळे भेटायचे. भाऊही त्याच्याबरोबर जायचा. प्रार्थनेसाठी नव्हे, गावच्या बातम्या कळायच्या म्हणून. दुपारी मोकळ्या वाळूत क्रिकेट. रात्री भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर अमिताभचा सिनेमा. पुढे त्याला महाराष्ट्र मंडळाचा पत्ता लागला. गणपतीला एका शुक्रवारी तो बस बदलून बदलून गेला, आरती म्हणाला, मोदक खाल्ले. तिथे सहकुटुंब राहणारे इंजिनिअर, डॉक्टर, बँकेतले लोक होते. त्यांनी प्रेमाने वागवलं. पण त्याने लिहिलं होतं, "दादा, तिथे लहान पोरं धावत होती. मी कॅम्पात परत आल्यावर कुणाशी बोललो नाही." कारण वेल्डरच्या पगारात कुटुंब नेण्याची परवानगी मिळत नसे. म्हणजे एकाच देशात दोन भारत होते. एक पोराबाळांसह फ्लॅटमध्ये, दुसरा आठ जणांच्या खोलीत.

इकडे मढला काय चाललं होतं? पत्र आलं की मी वाचून दाखवायचो आणि उत्तर मीच लिहायचो. आयला अक्षर येत नव्हतं. ती चुलीपाशी बसून सांगायची, "लिव त्याला, वेलेवर जेवतंस का म्हून." १९८१ मध्ये तो सुट्टीवर आला तेव्हा त्याचं लग्न केलं. दोन महिन्यांनी तो गेला. भावजय चौथीपर्यंत शिकलेली, पण पत्रं माझ्याच नावावर यायची, मीच मोठ्याने वाचायचो. नवऱ्याचं बायकोला आलेलं पत्र मोठा दीर वाचून दाखवतो, यात काही चुकतंय हे मला शिकल्यासवरल्या मास्तराला सहा वर्षं कळलं नाही! तो बिचारा लिहिणार तरी काय? "सर्वांस नमस्कार. तिला तब्येत सांभाळायला सांगा." पुढे त्याने टेपरेकॉर्डर पाठवला आणि कॅसेटी यायला लागल्या. एक कॅसेट सगळ्यांसाठी, एक नुसती तिच्यासाठी. ती ती घेऊन माळ्यावर जायची. एके दिवशी मला म्हणाली, "भाऊजी, मला नीट लिहायला शिकवा." मी शिकवलं. नंतर तिने विमानाची निळी पत्रं स्वतःच आणायला सुरुवात केली. माझ्या सगळ्या नोकरीतली ती उत्तम विद्यार्थिनी.

आणि आता माझा वाटा. पहिल्या करारानंतर, १९७९ मध्ये, तो म्हणाला होता, कर्ज फिटलं की येतो. कर्ज फिटलं. मी लिहिलं, बहिणीचं लग्न होऊ दे. ते झालं. मग लिहिलं, कौलं काढून स्लॅब टाकू. स्लॅब पडला. मग बोटीला नवीन इंजिन. मग मुलीची शाळा. दर खेपेला कारण खरं होतं, खोटं एकही नाही. पण ओळ एकच होती, "एवढं झालं की ये." ती माझ्या हाताने लिहिली जायची, घराच्या नावाने.

२ ऑगस्ट १९९० ला पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. आम्हाला आकाशवाणीवर कळलं. पत्र बंद, फोन बंद. तिकडे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले होते. आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामना भेटले. मग माणसं बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सीमेवर आणायची आणि तिथून अम्मानहून विमानाने मुंबई, असं ठरलं. एअर इंडियाच्या पाचशेच्या आसपास फेऱ्या झाल्या, दोन महिने हे चाललं होतं. मी दिवसाआड तरीने वेसाव्याला आणि तिथून सहारला जायचो. बाहेर गर्दी, प्रत्येकाच्या हातात नावाची पाटी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो बाहेर आला. मी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, हातात एक रेक्झिनची पिशवी. पिशवीत दोन शर्ट आणि वेल्डिंगची काळी काच. साठवलेले दिनार सीमेवर कोणी घेईना. जे काय मिळालं त्यात सीमेवरच्या तंबूतले दिवस काढले.

तो दीड वर्ष घरी राहिला. मुलगी आठ वर्षांची होती, मुलगा चारचा. पहिले काही दिवस मुलगा त्याला 'ते कुवेतवाले' म्हणायचा. महिन्याभरात दोघं त्याच्या खांद्यावर. तो त्यांना किल्ल्याच्या बाजूला घेऊन जायचा, मासे दाखवायचा. शिमग्याला होळीभोवती नाचला. चौदा वर्षांत पहिली होळी. आमच्या घरात त्याने इतके सलग दिवस लग्नानंतर कधी काढलेच नव्हते. सद्दामची मेहेरबानी म्हणायची!

फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मोकळं झालं. जाताना इराक्यांनी सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या होत्या, शेवटची विझायला नोव्हेंबर उजाडला. मग बांधकाम पुन्हा निघालं. आणि आणखी एक गोष्ट झाली होती. युद्धाआधी कुवेतमध्ये चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी होते. त्यांच्या पुढाऱ्यांनी सद्दामची बाजू घेतली, म्हणून युद्धानंतर बहुतेकांना जावं लागलं. उरले ते थोडे हजार. त्यांच्या जागा भरायला आपली माणसं बोलावली गेली. भावाचा फोरमन असाच पॅलेस्टिनी होता. त्याची मुलं कुवेतमध्येच जन्मलेली. भाऊ म्हणतो, "दादा, मला निदान मढ होतं. त्याला कुठे पाठवलं असेल?"

१९९२ च्या सुरुवातीला जुन्या कंपनीचं पत्र आलं. त्या रात्री जेवण झाल्यावर तो ओट्यावर माझ्याजवळ बसला. "दादा, इथेच राहू का? वेसाव्याला वर्कशॉप काढू, होईल काहीतरी." मी लगेच उत्तर दिलं नाही. कागद घेतला. १९९१ च्या जुलैमध्ये रुपया पुन्हा घसरला होता, दिनार नव्वदच्या आसपास गेला होता. युद्धाची नुकसानभरपाई मिळेल अशी बोलणी होती. (संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने पुढे माणशी अडीच हजार किंवा चार हजार डॉलर दिले, पण त्याला वर्षं लागली.) वर्कशॉपला भांडवल नव्हतं. मी हिशेब मांडला आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. म्हणालो, "पाच वर्षं अजून काढ. मग ये."

हिशेबात चूक नव्हती. मास्तराचा हिशेब होता तो. पण भावजय दारात उभी होती, तिला कोणी विचारलं नाही. आणि जो माणूस चौदा वर्षांत पहिल्यांदा मला काही मागत होता, त्याला मी कागद दिला.

पाचाची अकरा झाली. त्यात आय गेली, १९९५ मध्ये. त्याला कळवलं, तो तिसऱ्या दिवशी पोचला. २००३ च्या फेब्रुवारीत, इराकवर दुसरं युद्ध होणार असं दिसायला लागलं, तेव्हा तो स्वतःहून परतला. या वेळी त्याने मला विचारलं नाही. बरं केलं.

मी हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. त्या पैशाने बहिणीचं लग्न झालं, घर झालं, मुलगी शिकून नोकरीला लागली, मुलगा इंजिनिअर झाला. माझा मुलगा अमेरिकेला गेला त्याच्या तिकिटाचे पैसेही काकाने दिले, हे त्याने विसरू नये. मढमध्ये, एरंगळला, आणि तिकडे रत्नागिरी-रायगडात अशी किती घरं उभी आहेत! फक्त एवढंच, की माझ्या मुलाला अमेरिकेने 'राहा' म्हटलं, निदान तशी सोय ठेवली. भावाला कुवेतने कधी फसवलं नाही. पहिल्या दिवसापासून 'तू पाहुणा' असंच सांगितलं. पाहुण्याला घरी कधी बोलवायचं, हे घरच्यांनी ठरवायचं होतं. ते आम्ही ठरवलं नाही.

१२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगफला कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात अनेक भारतीय गेले. टीव्हीवर बातमी चालू होती. मंगफ फहाहीलला लागूनच. भाऊ बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "खाटा तशाच आहेत." मग उठून केरळच्या जुन्या सोबत्याला फोन लावला. तो नेहमी ओणमला फोन करतो, त्या दिवशी ह्याने केला. खोलीतले आठ जण, त्यातले पाच हयात आहेत. पाचही एकमेकांच्या संपर्कात आहेत. कुवेतने नागरिकत्व दिलं नाही, पण ही एक खोली दिली, ती अजून शाबूत आहे.

हे लिहून झाल्यावर परवा भावाला वाचून दाखवलं. भावजयही होती. १९९२ च्या कागदाचा भाग आला तेव्हा मी जरा अडखळलो. तो म्हणाला, "वाच पुढे." पुढे मी एक हिशेब लिहिला होता, की लग्नापासून परत येईपर्यंतच्या बावीस वर्षांत तो बायकोपोरांबरोबर किती राहिला. दोन-दोन महिन्यांच्या दहा सुट्ट्या आणि युद्धाचे अठरा महिने, म्हणजे तीन वर्षं दोन महिने.

"चुकलं," दोघंही एकदम म्हणाली.

भावजय म्हणाली, "भाऊजी, आयच्या वेळचे वीस दिवस राहिले."

आकडा दुरुस्त केला आहे. तीन वर्षं, दोन महिने, वीस दिवस.